झटका थांबतो, दाह मात्र उरतो

प्रश्न : माझ्या भावाला अपस्मारावरची दोन औषधे देऊनही झटके येतात. मेंदूतील दाहामुळे झटके वाढतात असे वाचले. मग साधी दाहशामक गोळी का चालत नाही, आणि नवे औषध घडवण्यात एवढी अडचण कोणती?

उत्तर : योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर त्या आजाराला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात; सुमारे एक तृतीयांश रुग्णांची हीच स्थिती असते. फेनिटॉइन या अपस्मारावरच्या जुन्या औषधाचा गुण १९३७ साली मांजरांमध्ये विजेने झटके आणून पारखला गेला आणि पुढची बरीच औषधेही झटका अडवण्याच्या कसोटीवरच निवडली गेली. झटका ज्या प्रक्रियेतून उद्भवतो, तिला त्यांनी फारसा हात लावला नाही, ही माझ्या मते या शाखेची जुनी उणीव आहे.

झटक्यानंतर मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटासारखे दाह वाढवणारे पदार्थ सोडतात, त्यांच्यामुळे चेतापेशी अधिक सहज उत्तेजित होतात आणि पुढच्या झटक्याला वाट मोकळी होते. झटक्यामुळे कॉक्स-२ हे दाहकारक पदार्थ बनवणारे विकरही (एन्झाइम) वाढते; अनेक दाहशामक गोळ्या तेच रोखतात. ते सरसकट रोखले, तर त्यापासून बनणारे उपयुक्त पदार्थही थांबतात. कॉक्स-२ रोखणाऱ्या औषधांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून मागे घ्यावे लागले. म्हणून संशोधक एक पायरी खाली उतरले आणि कॉक्स-२मुळे बनणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ ज्यावर बसते, तो ईपी-२ हा एकच ग्राही (पेशीवरचे संदेश घेणारे प्रथिन) अडवणारे रेणू त्यांनी घडवले. दीर्घ झटक्यानंतर काही तासांनी असा रेणू दिल्यावर उंदरांमध्ये दाह आणि चेतापेशींचा नाश कमी झाला. माणसांसाठी मात्र ते अद्याप औषध नाही.

खरी डोकेदुखी आहे ती रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसराची. ग्राहीला घट्ट चिकटावा म्हणून रेणूला ध्रुवीय (पाण्याकडे ओढ असलेले) गट जोडावेत, तर तो अडसर ओलांडत नाही. मेदात विरघळेल असा करावा, तर यकृत त्याचे लवकर विघटन करते. आणि आत शिरलाच, तर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला परत बाहेर ढकलू शकतो.

भावाची चालू औषधे स्वतःहून बंद करू नका किंवा त्यांत दाहशामक गोळीची भर घालू नका. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का, याची तपासणी अपस्मारतज्ज्ञाकडून आताच करून घ्या; दोन औषधे निष्फळ ठरल्यावर त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.