जेवणानंतर दोन-तीन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, मधुमेह नाही. खाण्यात काय बदलू?

बहुतेकदा घोळ पिठूळ-गोड खाण्याचा असतो. साबुदाण्याची खिचडी आणि वर गोड चहा घेतला की साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन जरा जास्तच सुटतं आणि २ ते ४ तासांत साखर घसरते. (उपवासाच्या दिवशी हे हमखास!) भात सोडू नका, कमी करा. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. दर तीनेक तासांनी मूठभर शेंगदाणे, गुळाशिवाय. रिकाम्या पोटी दारू नको.

थरथर सुरू झालीच तर ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर (घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र) बघा, मग थोडं खा. त्रास होताना साखरेचा आकडा ५५ mg/dL च्या खाली जात असेल किंवा पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टर गाठा.