गोष्टीतला वॉलमन

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मुलगा दुसरीत आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलीला टाइप वन डायबिटीस आहे, ती मधेच बोट टोचून शुगर बघते आणि कधीकधी मधल्या सुट्टीच्या आधीच खाते. परवा हा घरी येऊन म्हणतो, मी तिच्या शेजारी बसणार नाही, तिने खूप चॉकलेटं खाल्ली म्हणून तिला झालं आणि आता मला पण होईल. बाकीची पोरं म्हणतात तिलाच वर्गात खाऊ कसा चालतो. समजावून सांगितलं पण डोक्यात शिरत नाहीये. झोपताना रोज गोष्ट सांगते, तर कोणती सांगू?

उत्तर: अहो, गोष्ट तुमच्या नळातच आहे. गंगापूर धरण भरलंय, कॉलनीतली टाकी पण काठोकाठ आहे, पण वॉल फिरवून पाणी सोडणारे वॉलमन काका आलेच नाहीत तर घरात थेंब येतो का? तसं टाकीतलं पाणी म्हणजे रक्तातली साखर, घरं म्हणजे हातपाय, पोट, आणि वॉलमन म्हणजे इन्सुलिन. आता तो विचारणारच, काका गेले कुठे? तर कॉलनीच्याच वॉचमनने त्यांना चोर समजून हाकलून दिलं. हे मी बनवून सांगत नाहीये, टाइप वनमध्ये शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात चॉकलेटचा काही दोष नाही आणि शेजारी बसून, एका डब्यात खाऊन हे कुणाला होतही नाही.

मग रोज बाहेरून वॉलमन बोलवावा लागतो, ते इंजेक्शन. पण बाहेरच्याला अंदाज कसा असणार, कधी तो वॉल जास्त सोडतो आणि टाकीच रिकामी व्हायला लागते, साखर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, अशा वेळी लगेच गोड पोटात जावंच लागतं. इथे गोष्ट थांबवा आणि त्यालाच विचारा, आता शेजारच्या घरातल्या पोराने काय करायचं? बाईंना हाक मारायची आणि तिला एकटं सोडायचं नाही, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगितलं तर तो उपदेश होतो.

एक मात्र कळकळीने सांगते. गोष्टीतलं पोर त्या मुलीच्या नावाचं नको, आणि वर्गात सांगायची असेल तर आधी तिच्या आईला आणि तिला स्वतःला विचारा. मी शिकवत असताना एका मुलाचं नाव घेऊन सगळ्या वर्गाला त्याचा आजार समजावला होता, चांगल्याच मनाने, पण तो पोरगा दिवसभर बाकावर डोकं टेकून बसला, डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. आणि गोष्टीत ती बिचारी नको हं, लगोरीत रडीचा डाव खेळणारी, गृहपाठ विसरणारी अशी खरी मुलगी पाहिजे.

कानाला मशीन लावणारं मूल वर्गात असेल तर ढोल पथकाची गोष्ट करा, नाशिकच्या पोरांना ढोल सांगावा लागत नाही. मशीनमधून आजूबाजूचा गोंगाटही मोठा होऊन येतो, त्यात शेजाऱ्याचं बोलणं बुडतं, म्हणून समोर येऊन बोलायचं, ओरडायचं नाही, एवढं पुरतं.

14 नोव्हेंबरला बालदिन असतो आणि जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी, शाळेत गोष्ट सांगायला तो दिवस बरा आहे, पण तुम्ही तोवर थांबू नका, आज रात्रीच सांगा. ती बरी कधी होणार असं त्याने विचारलं तर खोटं बोलू नका, वॉलमन रोज बोलवावा लागणार हेच सांगा. आणि टोचताना दुखतं का, असं विचारलं तर उत्तर तुम्ही देऊ नका, उद्या शेजारी बसशील तेव्हा तिलाच विचार म्हणा.