इंदूरला भावावर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर सापडलाच नाही. तरी भरपाई मिळते का?

मिळू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 नुसार आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यांनी चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. सोबत एफआयआरची प्रत (ती फुकट मिळते, हक्काने मागा), उपचारांची बिलं, पासबुक जोडा.

भावाचा केसपेपर मात्र आजच काढून नीट वाचा. घाईगडबडीत त्यावर ‘पडून लागलं’ असं लिहिलं गेलं असेल, तर जखमेचा गुन्ह्याशी संबंधच दिसत नाही आणि अर्ज तिथेच अडतो. डॉक्टरांकडून लेखी खुलासा घ्या. उपचार चालू असतील तर पोलीस ठाण्याच्या प्रभारींच्या दाखल्यावर अंतरिम (अंतिम निकालाआधीची) मदतही मागा. वकील परवडत नसेल तर 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.