रजनी कोठारींचं नाव अजूनही का घेतलं जातं?

तुमचा प्रश्न असा: एम.ए.ला आमचे सर राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींचं नाव सारखं घेतात, पण गुगल स्कॉलरवर उद्धरणांचे (म्हणजे इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला याचे) आकडे पाहून फारसं काही कळत नाही; मग त्यांचा प्रभाव नेमका कशात?

मी हाच विषय शिकवतो, म्हणून आधीच सांगतो की तो आकडा बाजूला ठेवा. आपल्याकडे कोठारी वाचले जातात ते बरंचसं वर्गातल्या टिपणांतून आणि मराठी-हिंदी पाठ्यपुस्तकांतून. तिथलं फारसं काही त्या मोजणीत येत नाही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख आहे जेमतेम १३ पानांचा. 'एशियन सर्व्हे'मध्ये १९६४ साली आलेला, 'काँग्रेस सिस्टिम'वरचा. तोवर पाश्चात्त्य अभ्यासकांपुढे कोडं होतं की निवडणुका खुल्या होतात, तरी एकच पक्ष जिंकत राहतो, मग ही लोकशाही कसली? कोठारींनी म्हटलं, स्पर्धा आहे, पण ती काँग्रेसच्या पोटात आहे. गटागटांत ओढाताण चालते. विरोधी पक्ष सत्तेवर येत नाहीत, पण बाहेरून दाब देतात आणि आतल्या एखाद्या गटाला हाताशी धरून आपलं म्हणणं पुढे रेटतात. महाराष्ट्रात याचा पडताळा घ्यायचा तर यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण आठवा. शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची) माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये आली आणि विरोधाची धार आतच बोथट झाली.

१९६७ला अनेक राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं आणि ही मांडणी डळमळली. तरी गंमत बघा, पुढे ज्यांनी ती खोडून काढली त्यांनाही सुरुवात तिथूनच करावी लागली. कोठारींनी स्वतः १९७४मध्ये तिची फेरतपासणी केली. आजही एखादा पक्ष देशभर वरचढ झाला की 'ही नवी एकपक्षीय प्रभुत्वाची व्यवस्था का?' असा वाद सुरू होतो. तो त्यांच्याच पट्टीने मोजला जातो. माझ्या लेखी प्रभाव म्हणजे हा.

दुसरं काम जातीवरचं. १९७०च्या संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी 'राजकारणात जातीयवाद घुसला' ही रड उलटवली. राजकारणाला समाजात जे संघटन हाताशी मिळतं तेच ते वापरणार, आणि वापरता वापरता जातही बदलणार. त्याच वर्षी 'पॉलिटिक्स इन इंडिया' आलं.

आणि संस्था. १९६३ साली दिल्लीत त्यांनी सीएसडीएस ही समाज आणि राजकारणाचा अभ्यास करणारी संशोधन संस्था उभी केली. मतदारांचं देशव्यापी सर्वेक्षण करायची परंपरा तिथूनच आली. निवडणुकीनंतर सीएसडीएसच्याच लोकनीती या उपक्रमाचे जे तक्ते वर्तमानपत्रांत दिसतात ते त्याच घराण्यातले.

आणीबाणीनंतरचे कोठारी निराळे. चळवळींना जोडणारं लोकायन, नागरी हक्कांसाठी लढणारी पीयूसीएल ही संघटना, चळवळी. माणूस म्हणून तो काळ मला मोठा वाटतो, लिखाण मात्र पुष्कळदा पसरट होतं. आधीच्या कोठारींनी काँग्रेसला जरा जास्तच सांभाळून घेतलं, हा आक्षेपही मला पटतो: आत सामावून घेण्याबद्दल ते भरभरून लिहितात, बाहेर राहिलेल्यांबद्दल कमी.

वाचायचंच असेल तर १९६४चा लेख एका बैठकीत संपवा, लगेच १९७४चा घ्या. जातीवरच्या ग्रंथाची फक्त प्रस्तावना पुरे. 'पॉलिटिक्स इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक परीक्षेनंतर.