बुरशी स्वतःच्याच विषाने का मरत नाही?

प्रत्येक विषाची गोष्ट वेगळी आहे. पेनिसिलिनच्या बाबतीत तर बुरशीला काही करावंच लागत नाही, ते बॅक्टेरियाच्या पेशीभित्तिकेचं काम अडवतं आणि तसली भिंत बुरशीला नसतेच, तिची कायटिन आणि ग्लुकनची असते. पण तुमचा प्रश्न खरा अवघड होतो तो विष तिच्या स्वतःच्या पेशीलाही लागू पडत असेल तेव्हा.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी ग्लायोटॉक्सिन बनवते, त्याच्या रेणूत दोन सल्फर असतात आणि त्यांच्या जोरावरच ते विषारी ठरतं. ते आतच तयार होतं, म्हणून बुरशीकडे ग्लिटी नावाचं एन्झाइम असतं जे ते दोन सल्फर एकमेकांना जोडून टाकतं, आणि मग एक पंप सगळं पेशीबाहेर काढतो. ग्लिटीचं जीन काढून टाकलं की हीच बुरशी ग्लायोटॉक्सिनपुढे पार हतबल होते.

डेथ कॅप या विषारी मशरूमचं वेगळंच. त्याचं विष, ॲमानिटिन, आपल्या पेशीतलं आरएनए पॉलिमरेझ टू (जीन्सवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) बंद पाडतं, पण मशरूमचं स्वतःचं पॉलिमरेझच असं असतं की ॲमानिटिनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

मला सगळ्यात भारी वाटते ती पेनिसिलियम ब्रेविकॉम्पॅक्टमची आयडिया. तिचं मायकोफेनॉलिक ॲसिड, जे अवयव प्रत्यारोपणानंतर पेशंटला देतात, ते डीएनएसाठी लागणारा ग्वानिनचा माल बनवणारं एन्झाइम थांबवतं, आणि ते एन्झाइम बुरशीलाही हवंच की! तर तिने त्या एन्झाइमची एक दुसरी कॉपी ठेवलीय, थोडी बदललेली, जिला हे ॲसिड सहज थांबवू शकत नाही, आणि त्या कॉपीचं जीन विष बनवणाऱ्या जीन्सच्या रांगेतच बसलेलं असतं.

ही शेजारची जागा फार कामाची आहे. विषाच्या जीन्समध्ये एखाद्या रोजच्या एन्झाइमची जादा कॉपी दिसली की ते विष नेमकं कशावर चालतं याचा अंदाज बांधता येतो. 2018 मध्ये संशोधकांनी हेच उलट दिशेने केलं, वनस्पतींना ज्याच्याशिवाय जमत नाही अशा डीएचएडी या एन्झाइमची जादा कॉपी बुरश्यांच्या जीनोममध्ये शोधली, ती ॲस्परजिलस टेरियसमध्ये सापडली, आणि तिच्या शेजारच्या जीन्समधून बनणारं ॲस्पटेरिक ॲसिड झाडांची वाढ रोखणारं निघालं. तीच कॉपी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या रोपात घातली तर ते रोपही त्या ॲसिडला दाद देईना.