मेंढ्यांचा आजार शेळ्यांना लागतो का, आणि शेतात बसलेला कळप गावाबाहेर काढावा का?

आपला प्रश्न असा आहे की, कापूस निघाल्यावर शेजाऱ्याने खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या आहेत, त्यांतील काही मेंढ्यांचे नाक वाहते आहे आणि आपल्या शेळ्या रोज त्याच धुऱ्यावरून चरायला जातात. तेव्हा मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार शेळ्यांना लागतो का, आणि लागत असेल तर मेंढपाळाला कळप हलवायला सांगावे का. यवतमाळ जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करताना हाच प्रश्न मला दर हिवाळ्यात विचारला गेला आहे. पहिल्या भागाचे उत्तर 'होय, लागतो' असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र 'नाही, हलवू नये' असे आहे.

आधी ताप पाहावा. मेंढीचे नाक वाहण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे नाकातील अळ्या. एक जातीची माशी मेंढीच्या नाकपुडीशी अळ्या सोडते आणि त्या आत चढतात. अशी मेंढी सारखी शिंकते, नाक जमिनीला घासते, शेंबूड घट्ट असतो व पुष्कळदा एकाच नाकपुडीतून येतो. पण तिला ताप नसतो आणि ती चारा सोडत नाही. शेळी-मेंढीचे नेहमीचे तापमान 102 ते 103.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. गुदद्वारात लावलेला थर्मामीटर 104 ते 106 दाखवत असेल, डोळे व नाक दोन्ही गळत असतील आणि जनावर मान खाली घालून कळपामागे राहत असेल, तर पीपीआरचा संशय धरावा.

पीपीआर म्हणजे शेळ्यामेंढ्यांतील बुळकांडी. जुन्या माणसांना गाईबैलांची बुळकांडी आठवत असेल. ती 2011 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले, परंतु तिच्याच कुळातला हा विषाणू अजून आपल्यात आहे. माणसांतील गोवरही याच कुळातला. या रोगाची पहिली नोंद 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये झाली, आणि भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळला. शेळी आणि मेंढी यांच्यात हा विषाणू भेद करत नाही. फरक पडतो तो आजाराच्या तीव्रतेत: बहुधा शेळ्या जास्त आजारी पडतात, त्यांतही लहान करडे अधिक मरतात, तर मेंढ्या पुष्कळदा थोडक्यात निभावतात. म्हणूनच शेजारच्या कळपात दोन-चार नाके वाहताना दिसतात आणि आपल्या कोठ्यात मात्र हाहाकार उडतो. लस न टोचलेल्या शेळ्यांत निम्म्याहून अधिक जनावरे दगावू शकतात.

रोग अंगावर आल्यावर सकाळी कोठ्यात काय दिसते तेही सांगतो, कारण पहिल्या दिवशी ओळखणे महत्त्वाचे आहे. पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात, नाकपुड्यांवर स्राव वाळून खपली बसलेली असते आणि त्यामुळे शेळी तोंड उघडून श्वास घेते. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर ओला कोंडा लावल्यासारखा पांढुरका थर दिसतो आणि तोंडाला विलक्षण दुर्गंधी येते. पुढे दोन-तीन दिवसांत पातळ हगवण लागते, शेपटीखालचा भाग बरबटतो, खोकला सुरू होतो, आणि मृत्यू बहुधा न्यूमोनियाने किंवा अंगातले पाणी संपल्याने होतो. गाभण शेळ्या गाभडतात.

हा विषाणू पसरतो तो श्वासातून उडणाऱ्या तुषारांतून, डोळ्यानाकाच्या स्रावांतून, लाळेतून आणि विष्ठेतून. त्यासाठी जनावरे एकमेकांच्या जवळ असावी लागतात. एकाच गव्हाणीत तोंड घालणे, एकाच टाक्यावर पाणी पिणे, आखरावर दाटीवाटीने उभे राहणे, एवढे त्याला पुरते. लागण झाल्यापासून साधारण चार ते सहा दिवसांत ताप येतो, आणि खरी अडचण अशी की लक्षणे ठळक होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते. त्याची जमेची बाजूही आहे: ऊन आणि कोरडेपणा यांत तो फार काळ टिकत नाही, आणि बरे झालेले जनावर जन्मभर रोग वाहून नेत नाही. त्यामुळे कळप निघून गेल्यानंतर तापलेल्या रिकाम्या शेताची फारशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती जिवंत, हिंडत्या जनावराची आहे.

देवीचे तसे नाही. मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी यांचे विषाणू सख्खे भाऊ आहेत. बहुतेक वाण आपापल्या जातीच्या जनावरातच जोर करतात, पण दोघांनाही आजारी पाडणारे वाणही आहेत. गाईंच्या लम्पीचा विषाणू याच घरातला असल्यामुळे 2022 च्या साथीत आपल्याकडे गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, हे अनेकांना आठवत असेल. देवीच्या पुटकुळ्या वाळून पडलेल्या खपल्यांत विषाणू अंधाऱ्या, दमट कोठ्यात कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणून देवी झालेल्या कोठ्यातील वरची माती खरवडून काढावी, खपल्या व अंथरलेला पालापाचोळा जाळावा आणि भिंतींना चुना द्यावा.

ओठांवर काळपट, फुलकोबीसारखे खडबडीत फोड येतात तो मावा. तो शेळ्यामेंढ्यांत सर्रास एकमेकांना लागतो, काटेरी झुडपांवर चरून तोंडाला ओरखडे पडलेल्या जनावरांना लवकर लागतो आणि पिणाऱ्या पिल्लाकडून आईच्या सडांवर जातो. जनावर सहसा मरत नाही, पण पिल्लाला दूध ओढता येत नाही आणि ते उपाशी राहून खंगते. मावा माणसालाही होतो. तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय ते फोड धुऊ नयेत आणि हाताला जखम असलेल्या माणसाने दूध काढू नये.

नीलजिव्हा रोगाची तऱ्हा आणखी वेगळी. तो एका जनावराला दुसऱ्याचा श्वास लागून होत नाही, तर ओल्या शेणचिखलात वाढणाऱ्या बारीक चिलटांच्या चाव्यातून पसरतो, म्हणून तो पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ दिसतो. येथे पारडे उलटते: मेंढ्या तोंड सुजून, लंगडत आजारी पडतात आणि शेळी काहीही न दाखवता तोच विषाणू रक्तात बाळगून असते, म्हणजे शेळ्यांमुळे मेंढपाळाचे नुकसान होण्याचीही शक्यता असते. महाराष्ट्रात हा रोग 1964 पासून ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत खाऊन धडधाकट मेंढी अचानक मरते तो प्रकार मात्र बहुधा आंत्रविषाराचा असतो. तो जीवाणूंचा आजार आहे आणि त्याची लस वेगळी आहे.

आता कळप हलवण्याविषयी. काठेवाडी असोत की आपल्याकडचे धनगर, गावात रोग आला की बोट फिरत्या कळपाकडे जाते, कारण तो परका असतो आणि डोळ्यांपुढे असतो. माझ्या पाहण्यात मात्र रोग बहुतेक वेळा गावातल्याच कोणीतरी आठवडी बाजारातून आणलेल्या नव्या शेळीबरोबर, किंवा भाव न पटल्याने संध्याकाळी परत आणलेल्या बोकडाबरोबर आला. बाजारात चार तालुक्यांची जनावरे दिवसभर एका दावणीला उभी असतात. बकरी ईदच्या आधी तर ही गर्दी कित्येक पटींनी वाढते. परत आलेला बोकड विकत आणलेला नसतो म्हणून त्याला कोणी वेगळे बांधत नाही, आणि तो थेट आपल्या जागी जाऊन उभा राहतो. शेळी लावण्यासाठी दुसऱ्याच्या कोठ्यात नेण्याचेही तसेच आहे.

त्या कळपात खरोखर पीपीआर असेल तर त्याला हाकलून दिल्याने तो रोग पुढच्या गावाच्या वाटेवर लागतो, आणि वाटेत तुमच्याच शिवारातल्या पाणवठ्यावर थांबतो. मेंढपाळाला त्याच शेतात थांबू द्यावे, त्यांच्यासाठी पाण्याची सोय वेगळी करावी, आणि आपल्या शेळ्यांची वाट व पाणवठा बदलावा. कोणतीही नवी किंवा बाजारातून परतलेली शेळी किमान तीन आठवडे वेगळी बांधावी. तिचा चारापाणी सर्वांत शेवटी करावा आणि त्यानंतर हातपाय धुतल्याशिवाय बाकीच्या शेळ्यांत जाऊ नये. जागा नसेल तर अंगणातले निंबाचे झाडही चालते, पण एका छताखाली मधे तट्ट्या लावून भागत नाही.

पीपीआरची लस चांगली आहे आणि एकदा टोचली की साधारण तीन वर्षे संरक्षण देते. ती चार महिन्यांवरील जनावरांना कातडीखाली एक मिलिलीटर टोचतात. लस टोचलेल्या आईच्या पिल्लांना पहिले तीन-चार महिने चिकातून मिळालेले बळ पुरते आणि नंतर ते ओसरते. म्हणून मागच्या मोहिमेनंतर जन्मलेली पिल्ले राहून जातात आणि साथ नेमकी त्यांच्यावर पडते. लस टोचायला आलेल्या माणसाकडे बर्फाचा थर्मास आहे का ते आपण जरूर पाहावे. कुपीत द्रावण मिसळल्यावर ती बर्फातच ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत राहिलेली लस टोचली काय आणि न टोचली काय सारखेच. सुई शक्यतो प्रत्येक जनावराला वेगळी असावी. आधीच ताप असलेल्या शेळीला लस देऊ नये. तिला वेगळे करून उपचार करावेत. प्रतिजैविके विषाणूला मारत नाहीत, पण मागाहून होणारा न्यूमोनिया आवरतात, आणि तोंडातून मीठसाखरेचे पाणी पाजत राहिल्याने कित्येक शेळ्या तगतात.

पीपीआर किंवा देवीचा संशय आल्यास कळवणे हे 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पशुपालकाचे कर्तव्यच आहे. ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे, अथवा 1962 या क्रमांकावर फोन करावा. डोळ्यानाकाच्या स्रावांचे नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीसाठी पाठवता येतात, पण ते पहिल्या काही दिवसांत घेतले पाहिजेत. मेलेली शेळी नाल्यात टाकू नये; कुत्री ती शिवारभर ओढत नेतात. खोल खड्डा करून चुना टाकून पुरावी.

आणि डॉक्टर आपल्या शेळ्यांसाठी येतील तेव्हा त्यांना धुऱ्यापलीकडच्या मेंढ्याही दाखवाव्यात. फिरत्या मेंढपाळाचे नाव बहुधा कोणत्याच गावाच्या लसीकरणाच्या यादीत नसते, त्यामुळे त्याच्याकडे लस पोचत नाही. तो तुमच्या गावात आहे तोवर त्याचा कळप टोचून घेण्याची विनंती आपण केलीत, तर तिला सहसा नकार मिळत नाही.