उचलून नेऊ म्हणणे ही सोय नव्हे

आपण नाशिकमधील एका मल्टिप्लेक्सचे तिकीट ऑनलाइन काढले. व्हीलचेअरवरून आत गेल्यावर सगळ्याच रांगांना पायऱ्या असल्याचे दिसले, कर्मचाऱ्यांनी आपल्याला उचलून बसवण्याची तयारी दाखवली, आणि त्याला नकार देऊन आपण रांगांमधल्या वाटेत थांबलात तेव्हा अग्निसुरक्षेचे कारण सांगून आपल्याला बाहेर जायला लावले. पैसे परत केल्याने विषय संपला, असे व्यवस्थापकांचे म्हणणे आहे. तो संपलेला नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत जनतेच्या वापरातील खासगी इमारत येते आणि तीत मनोरंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे ‘जागा आमची खासगी’ हा बचाव टिकणारा नाही. कलम 45 नुसार जुन्या इमारतीही जून 2017 मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासून 5 वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. अग्निसुरक्षेचा मुद्दा मात्र हलका समजू नये. वाट मोकळी ठेवणे आवश्यकच असते. परंतु कलम 3 प्रमाणे, अशी कृती रास्त उद्दिष्टासाठी आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणातच होती, हे दाखवावे लागते, आणि ज्यांनी व्हीलचेअरसाठी मुळात जागाच ठेवली नाही त्यांना ते जड जाईल.

सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक आहेत, असे विरुद्ध बाजू बहुधा म्हणेल. राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी या अधिनियमाखालील नियमांपैकी नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला तो नेमका याच कारणाने, म्हणजे त्यात निकष केवळ मार्गदर्शक ठरत होते म्हणून, आणि बंधनकारक निकष ठरवण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले.

इमारतीत बदल हवा असेल तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी, पण भरपाईसाठी तो मार्ग अपुरा आहे, कारण तिथून मुख्यतः शिफारस मिळते. भरपाई हवी असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जावे. तिकिटाइतक्या अल्प मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नसते. माझ्या मते आपण दोन्हीकडे जावे.

त्याआधी, याच आठवड्यात, सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी व्यवस्थापनाकडे पाठवा, कारण असे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते. तिकीट, आसनांच्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि परताव्याचा संदेश सांभाळून ठेवा, आणि परतावा ‘पूर्ण व अंतिम’ असल्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.